वावराची रजिस्ट्री : सौद्यापासून सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत

दुय्यम निबंधक कार्यालयात नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. विकणारा खरा मालक आहे का, त्याच्या बहिणींचा हिस्सा बाकी आहे का, हे शोधणं त्या कार्यालयाचं काम नाही. दस्त नमुन्यात आहे का, मुद्रांक शुल्क पुरतं भरलं का, सह्या करणारी माणसं तीच आहेत का आणि ती सह्या कबूल करतात का, हे तिथं पाहतात. कायद्यानं बंदी असलेला किंवा परवानगी लागणारा व्यवहार तर नाही ना, हेही पाहतात. विक्रेत्यानं मालकी सिद्ध केली नाही एवढ्या कारणावरून दस्त नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून रजिस्ट्रीआधी हक्क तपासणं आणि रजिस्ट्रीनंतर फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद) मंजूर करून घेणं, ही दोन्ही कामं घेणाऱ्याच्याच अंगावर असतात. पहिल्यांदा वावर घेणाऱ्यांचे पैसे बहुतेक या दोन टोकांनाच अडकतात.

कोणता कागद नोंदवावाच लागतो

नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ प्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीत हक्क देणारा किंवा काढणारा दस्त नोंदवणं सक्तीचं आहे. विक्रीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, लेखी वाटणीपत्र आणि एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा मक्ता किंवा भाडेपट्टा हे सगळे त्यात येतात. बक्षीसपत्राची किंमत कितीही असो, नोंदणी लागतेच आणि त्यावर दोन साक्षीदारही लागतात. मृत्युपत्राची नोंदणी मात्र ऐच्छिक आहे.

इसारचिठ्ठीनं मालकी मिळत नाही, पुढे विक्री करून घेण्याचा हक्क तेवढा मिळतो. इसारासोबत ताबा दिला असेल आणि त्या ताब्याला कायद्याचं संरक्षण हवं असेल, तर इसारपत्रही नोंदवलेलं असावं लागतं. आममुखत्यारपत्र घेऊन “जमीन आपली झाली” म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल ध्यानात ठेवावा. मुखत्यारपत्र, इसार आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र बांधले तरी त्यांनी जमिनीची विक्री होत नाही.

एक गोष्ट आपल्या विदर्भात पुन्हा पुन्हा बजावून सांगावी लागते. नड भागवायला पैसे घेताना तारण म्हणून विक्रीपत्र करून देऊ नका. “पैसे फेडले की वावर परत लावून देतो” या तोंडी शब्दाला दस्तापुढे किंमत नसते. परत देण्याची अट असेल तर ती त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते, तरच कायदा त्याला शर्तीच्या विक्रीचं गहाण मानतो. विनापरवाना सावकारानं अशी जमीन घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सावकारी तारण ठरलं तर जमीन परत मिळण्याचे आदेश होऊ शकतात.

पहिली पायरी : सातबारा वाचा, नुसता पाहू नका

डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) स्वतः काढा. विकणाऱ्यानं दिलेली झेरॉक्स घेऊन बसू नका. सातबाऱ्यावर सगळ्यात आधी भूधारणा पद्धती पाहा. “भोगवटादार वर्ग १” असेल तर वाट बरीच मोकळी आहे. “वर्ग २” असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. विदर्भातल्या जुन्या कागदांवर “भूमिस्वामी” आणि “भूमिधारी” हे शब्द येतात. ढोबळमानानं भूमिस्वामी आज वर्ग १ मध्ये आणि भूमिधारी वर्ग २ मध्ये मोडतो.

त्यानंतर उजव्या बाजूचा “इतर अधिकार” रकाना ओळीओळीनं वाचा. गडबड बहुतेक इथंच असते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला दुसऱ्याचा हिस्सा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, न्यायालयाचा मनाईहुकूम, सिलिंगची जमीन, हे सगळं याच रकान्यात सापडतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढून वाचल्याशिवाय ओळीचा अर्थ कळत नाही. कर्ज फेडलं असं विकणारा सांगत असेल, तर सोसायटीचा बेबाकी दाखला मागा आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार पाहा. दाखला हातात आहे पण सातबाऱ्यावर बोजा तसाच आहे, अशा स्थितीत पुढे अडचण तुम्हालाच येते.

क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १.६२ म्हणजे १ हेक्टर ६२ आर, म्हणजे साधारण ४ एकर. १०० आरांचा एक हेक्टर आणि एका एकरात ४०.४७ आर. सौदा एकरात ठरतो आणि दस्त हेक्टरात लिहिला जातो, त्यामुळे दोन्ही आकडे एकदा वहीवर मांडून घ्या. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा दाखवलेला असतो. त्यातून नाला जात असेल तर तेवढ्या जमिनीचेही पैसे तुम्ही मोजत असता.

किमान ३० वर्षांचे फेरफार मागे जाऊन पाहावेत. वारस फेरफारात मुलींची नावं आहेत का, हे नीट बघा. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीनं हक्क सोडला असं कोणी म्हणत असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. तलाठ्यासमोर दिलेल्या साध्या जबाबानं तिचा हिस्सा जात नाही. अज्ञानाच्या, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाच्या, हिश्श्याची जमीन असेल, तर नैसर्गिक पालकालाही विकण्याआधी दिवाणी न्यायालयाची परवानगी लागते.

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट क्रमांक टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, पाहा. हेच वावर आधी दुसऱ्या कोणाला लिहून दिलं असेल, तर ते तिथं दिसतं. जुन्या वर्षांचा शोध वकिलामार्फत कार्यालयातच घ्यावा लागतो.

विदर्भात कुठं अडतं

राज्यभराच्या माहितीपत्रकांत कुळकायद्याची कलमं ४३ आणि ६३ छापलेली असतात. ती विदर्भ आणि मराठवाडा सोडून उर्वरित महाराष्ट्राला लागू असलेल्या कायद्याची आहेत. आपल्याकडे कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ विभाग) अधिनियम १९५८ लागू आहे. त्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्यावरची बंदी कलम ८९ मध्ये आहे, आणि कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचा निर्बंध कलम ५७ मध्ये. दस्तात चुकीचं कलम लिहून आणलं की ते दुरुस्त करण्यात एक दिवस जातो. घेणाऱ्यानं आपण शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या नावाचा सातबारा किंवा शेतकरी असल्याचा दाखला सोबत ठेवावा.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीनं घ्यायची असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीसाठी त्यांनाही शासनाची मान्यता घ्यावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया आणि मेळघाट या भागात सौदा करण्याआधी हा पहिला प्रश्न असावा. परवानगी नसेल तर रजिस्ट्री आणि ताबा दोन्ही झाले असले तरी जमीन मूळ खातेदाराला परत जाऊ शकते. तुमचे पैसे मात्र तुमचे तुम्हालाच वसूल करावे लागतात.

भूदानाची जमीन भूदानधारकाला कसण्यासाठी दिलेली असते, विकण्यासाठी नाही. वऱ्हाडात ज्याला ई-क्लास म्हणतात ती सरकारी जमीन असते. त्यावर कोणी वीस वर्षं पेरा केला असला तरी तिचं विक्रीपत्र होत नाही. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. सातबाऱ्यावर तसा शेरा दिसला तर तिथंच थांबा.

मोठा गट तोडून लहान तुकडा घेत असाल, तर तुकडेबंदी पाहा. २०२३ च्या अधिसूचनेनं राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं आहे. त्याहून लहान तुकडा सहसा नोंदवला जात नाही. तुकडा त्याहून मोठा असला तरी आधी मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे ई-मोजणीचा अर्ज करा आणि खुणा कायम केल्याचा नकाशा, म्हणजे “क” प्रत, दस्ताला जोडा. मोजणीशिवाय घेतलं तर सातबाऱ्यावर नाव येतं, पण धुरा (बांध) कुठून धरायचा हे कोणत्याच कागदावर नसतं, आणि पहिल्या नांगरटीलाच वाद उभा राहतो.

गावठाणातल्या घराचं वेगळं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाची नगर भूमापन मोजणी किंवा स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल, तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा.

मुद्रांक शुल्काचा हिशेब

शुल्क सौद्याच्या किमतीवर नाही, तर सौद्याची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. बाजारमूल्य वार्षिक दर तक्त्यातून, म्हणजे रेडी रेकनरमधून काढतात. ग्रामीण शेतजमिनीचा दर तिथं आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, गटाप्रमाणे असतो. समजा सातबाऱ्यावर क्षेत्र १.६२ हेक्टर आणि आकारणी ४.०५ रुपये आहे. ४.०५ भागिले १.६२ म्हणजे हेक्टरी २.५० रुपये. तक्त्यात तुमच्या गावासमोर ज्या गटात २.५० बसतं, तो दर तुमचा. ओलिताची जमीन आणि महामार्गालगतची जमीन यांचे दर वेगळे असतात. सातबाऱ्यावर विहीर आणि संत्र्याची बाग आहे आणि दस्तात जिरायत लिहिलं, तर मूल्यांकन कमी ठरून फरकाची नोटीस येते. त्या फरकावर दरमहा २ टक्के दंड चढतो.

ग्रामपंचायत हद्दीत विक्रीपत्रावर मूळ मुद्रांक शुल्क ३ टक्के, जिल्हा परिषदेचा अधिभार १ टक्का आणि नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. सौदा १२ लाखांचा आणि बाजारमूल्य १३ लाख ४० हजार असेल तर :

मुद्रांक शुल्क ४०,२०० रुपये
अधिभार १३,४०० रुपये
नोंदणी फी १३,४०० रुपये
एकूण ६७,००० रुपये

पानांप्रमाणे लागणारं दस्त हाताळणी शुल्क वेगळं. नगरपरिषद हद्दीत दर जास्त आहे आणि दर बदलतही असतात, म्हणून चलन काढण्याच्या दिवशी कार्यालयातून खात्री करा. नवरा-बायको, मुलं, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची विधवा यांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं, तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. भावाला किंवा पुतण्याला ती सवलत नाही. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी शासनानं २०२५ मध्ये माफ केली आहे. सगळे सहधारक एकमतानं तयार असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडूनही वाटणी होते.

पैसे ‘ग्रास’ प्रणालीवर ई-चलनानं भरा. चलनात जिल्हा आणि कार्यालय निवडताना घाई करू नका, शेजारच्या तालुक्याचं कार्यालय निवडलं जाणं ही नेहमीची चूक आहे. चलन किंवा मुद्रांक सहा महिन्यांत वापरावा लागतो. सौदा फिसकटला तर परताव्याचा अर्जही त्याच सहा महिन्यांत करायचा असतो.

किमतीचे पैसे बँकेतूनच द्या. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर ती रोख घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. चेक किंवा आरटीजीएसचा क्रमांक आणि तारीख दस्तात लिहा. दस्तात किंमत कमी दाखवून उरलेली रोख देऊ नका. उद्या ही विक्री रद्द झाली तर दस्तात लिहिलेली रक्कमच परत मागता येते.

दस्त कसा असावा

मौजा, तालुका, जिल्हा, गट किंवा खसरा क्रमांक, आराजी (क्षेत्र), आकारणी आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी अक्षर न अक्षर जुळायला हवं. नाव हा आपल्याकडचा सर्वात मोठा घोळ आहे. सातबाऱ्यावर “रामाजी”, आधारवर “रामराव” आणि बँकेत नुसतं “राम”. माहेरच्या जमिनीवर बाईचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. अशा वेळी दोन्ही नावं दस्तात लिहून “ऊर्फ” लावा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. सातबारा आधीच दुरुस्त करून घेतला तर सर्वात चांगलं.

विहीर, मोटरपंप, विजेचं कनेक्शन, ठिबकच्या नळ्या, बांधावरची सागाची झाडं, यांतलं काय विकलं आणि काय नाही, ते स्पष्ट लिहा. पांदण रस्त्यापर्यंत जाण्याची वाट दुसऱ्याच्या वावरातून असेल तर तीही नोंदवा. उभं पीक कोणाचं, हेही लिहायचं असतं. डिसेंबरात विक्री झाली, तुरी उभ्या आहेत आणि पऱ्हाटीचा एक वेचा बाकी आहे, अशा वेळी ताब्याची तारीख लिहिली नाही तर भांडण ठरलेलंच.

खाडाखोड किंवा मध्ये घातलेला शब्द असेल, तर तिथं सह्या करणाऱ्यांची सही हवी. अर्जनविसानं लिहिलेला दस्त सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर ज्याचा व्यवहारात संबंध नाही अशा माणसाकडून वाचून घ्या.

कार्यालयातला दिवस

मिळकत किंवा तिचा काही भाग ज्या कार्यालयाच्या हद्दीत आहे तिथं दस्त नोंदवायचा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त सादर करावा लागतो. उशिराला रास्त कारण असेल तर आणखी चार महिने मिळतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड पडतो. त्यानंतर मात्र तो दस्त कामातून गेला.

आदल्या दिवशी विभागाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक डेटा एन्ट्री (दस्ताचा तपशील) भरून तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि ई-स्टेप-इनवर वेळ घ्या. सोबत मूळ दस्त, चलन, ताजा सातबारा आणि आठ-अ, लागत असेल ती परवानगी, दोन्ही पक्षांचे आधार, १० लाखांपुढे पॅन आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह न्या. साक्षीदार पक्षांना खरोखर ओळखणारे असावेत. कार्यालयाच्या आवारातून ऐनवेळी धरलेला माणूस उद्या न्यायालयात तुमच्या कामाचा नाही.

खिडकीवर प्रत्येकाचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. कापूस वेचून बोटांना बोंडांची टोकं टोचलेली असतात, म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्र ठसा घेत नाही. बोट कोमट पाण्यानं धुऊन, कोरडं करून पुन्हा ठेवा, नाही तर दुसरं बोट द्या. आधारची पडताळणी झालीच नाही तर दोन साक्षीदारांच्या ओळखीवर काम होतं, म्हणून साक्षीदार घरी ठेवून येऊ नका.

मग दुय्यम निबंधक विचारतात, “दस्त वाचला का? सही तुमचीच का? पैसे मिळाले का?” हे नुसतं सोपस्काराचं विचारणं नाही. याला कबुलीजबाब म्हणतात आणि तो दस्तावर छापला जातो. पैसे मिळाले नसतील तर इथंच “नाही” म्हणा. विकणाऱ्यानं सही नाकारली तर त्याच्यापुरती नोंदणी नाकारली जाते. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल, तर अर्ज करून आणि फी भरून अधिकाऱ्यांना घरी बोलावता येतं. त्याला गृहभेट म्हणतात, आणि त्यासाठी आजाऱ्याला बैलबंडीत किंवा रिक्षात घालून तालुक्याला आणण्याची गरज नाही.

नोंदणी नाकारली तर कारण लेखी मागा. ते नोंदवून ठेवणं त्यांचं कर्तव्य आहे. सही नाकारणं सोडून इतर कारणांसाठी ३० दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करता येतं. खोटी माहिती देणं किंवा दुसऱ्याच्या नावानं उभं राहणं याला सात वर्षांपर्यंत कैद आहे.

काम झालं की मूळ दस्त, पावती आणि सूची क्रमांक २ ताब्यात घ्या आणि दारातच उभं राहून गट क्रमांक व आराजी तपासा. चूक सापडली तर चूकदुरुस्तीपत्र लागतं आणि त्यावर विकणाऱ्याचीही सही हवी. आज तो तुमच्या शेजारी उभा आहे, सहा महिन्यांनी तो फोन उचलेलच असं नाही.

त्यानंतर फेरफार

नोंदणीकृत दस्ताची माहिती ई-फेरफार प्रणालीतून आपोआप तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाते. वेगळा अर्ज करावा लागत नाही, पण लक्ष मात्र ठेवावं लागतं. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला १५ दिवस असतात. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या नावाखाली ती नोटीस दिसते. नोटीस पोहोचली नाही तर फेरफार तसाच पडून राहतो, म्हणून दस्तात सगळ्यांचे चालू पत्ते असावेत. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तपासून फेरफार प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निर्णय विरुद्ध गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

या मधल्या काळात सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव असतं, आणि त्याच नावावर सोसायटीचं नवं कर्ज निघू शकतं. रजिस्ट्रीच्या दुसऱ्याच दिवशी सूची २ ची प्रत सोसायटीत आणि तलाठी कार्यालयात देऊन पोच घ्या.

नाव लागलं की नवा सातबारा काढून क्षेत्र आणि गट क्रमांक पुन्हा जुळवा. विजेच्या जोडणीवर महावितरणकडे नाव बदलून घ्या. मूळ दस्त हरवला तर दस्त क्रमांक आणि वर्ष सांगून त्याच दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते, त्यामुळे हे दोन आकडे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वहीतही लिहून ठेवा.